लाईन डिम, धंदा मंदा, कापूस मळका

वऱ्हाडात संध्याकाळी कुणी ‘लाईन डिम हाये’ म्हटलं, की ऐकणारा दिव्याकडे पाहत नाही. त्याला आधी मोटर आठवते. अशा वेळी पाण्याची मोटर लावली तर ती ‘जयते’, म्हणजे जळते. इकडच्या बोलीत ळचा य होतो, म्हणून काळा तो काया आणि डोळा तो डोया. ‘लाईन’ म्हणजे वीज. पुण्याकडे लाइट जातात, अकोल्याकडे लाईन जाते, लाईन येते, आणि या दोन्हींच्या मधे ती कधी कधी तासन्‌तास डिम असते.

‘डिम’ इंग्रजीतून आला हे उघड आहे. पण मराठीत ‘मंद’ हा शब्द हाताशी असताना लोकांनी परका शब्द का उचलला? ‘मंद’ वऱ्हाडी घराला अनोळखी नाही. फक्त त्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पाककृतीत मंद आच, पुस्तकात मंद वारा, वैद्याकडे मंदाग्नी, बाजारात मंदी. देवघरातल्या समईचा उजेड मंद असतो आणि तो तसाच असावा अशी सगळ्यांची इच्छा असते. साठच्या बल्बचा उजेड समईइतका झाला, की वायरमनला फोन जातो. उजेड कमी असणं वेगळं आणि उजेड कमी पडणं वेगळं. ‘मंद’मध्ये पहिली गोष्ट नीट मावते. दुसरीसाठी बोलीने ‘डिम’ घेतला, आणि त्या दोन अक्षरांत तक्रारही भरून घेतली.

आता बल्ब डिम का होतो ते पाहू. गावातल्या डीपीपासून, म्हणजे रोहित्रापासून, निघालेली तार जितकी लांब आणि तिच्यावर भार जितका जास्त, तितका विजेचा दाब वाटेतच खर्ची पडतो. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, पंखे, टीव्ही एकदम लागतात, त्यात कुणी आकडा टाकलेला असतो, आणि शेवटच्या खांबावरच्या घराला उरलासुरला दाब मिळतो. २३० व्होल्ट यायला हवेत तिथे समजा १८० आले. घट जेमतेम २२ टक्क्यांची. पण साध्या पिवळ्या बल्बचा उजेड दाबाच्या प्रमाणात घटत नाही, दाबाच्या साधारण ३.४ व्या घाताने घटतो. त्यामुळे १८० व्होल्टला उजेड निम्म्याच्याही खाली येतो. बल्बमधली तार कमी तापते, आणि कमी तापलेली तार उजेडापेक्षा उष्णताच अधिक फेकते. म्हणून डिम बल्ब नुसता अंधुक दिसत नाही, लालसर दिसतो. घरगुती पुरवठ्यात दाब सहा टक्के वर-खाली झाला तर ते नियमात बसत आलेलं आहे. पण नुसत्या सहा टक्क्यांच्या घटीनेही पिवळ्या बल्बचा जवळजवळ पाचवा हिस्सा उजेड जातो. नियम पाळूनही घर डिम राहू शकतं, असा त्याचा अर्थ.

मोटरचं उलट आहे. तिला पाणी तर तेवढंच उपसायचं असतं. दाब कमी मिळाला की ती तेवढ्याच कामासाठी जास्त प्रवाह ओढते, आतलं तांब्याचं वेटोळं तापतं, आणि रिवायंडिंगच्या दुकानाला गिऱ्हाईक मिळतं. डिम लाईनीत बल्ब टिकतो आणि मोटर जाते, हे गावातल्या पोरालाही माहीत असतं.

अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यात पारसला औष्णिक वीज केंद्र आहे. तिथले २५० मेगावॅटचे दोन संच २००८ आणि २०१० मध्ये सुरू झाले. ‘आमच्या उशाशी वीज तयार होते आणि आमच्याच घरी लाईन डिम’ हे वाक्य या भागात कुठेही ऐकू येतं. राग रास्त आहे, पण तर्क चुकतो. पारसची वीज उच्च दाबाच्या जाळ्यात जाते आणि तिथून ती कुणाचीच राहत नाही. डिम होणं हे शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांचं दुखणं आहे: रोहित्राची क्षमता, तारेची जाडी, सांधे, चोरी. भारनियमन हे वेगळं दुखणं. ते राज्यात वीजच कमी असल्याचं. २००५ साली वीज मंडळाचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशा वेगळ्या कंपन्या झाल्या. त्या सुमाराच्या काही वर्षांत ही दोन्ही दुखणी एकाच वेळी अंगावर होती, म्हणून लोकांच्या बोलण्यात ती एक झाली. गावठाणाचे आणि शेतीपंपांचे फीडर वेगळे करण्यामागे हाच गुंता सोडवण्याचा हेतू होता. पंप बंद असताना निदान घरातला दिवा तरी चालू राहावा.

एलईडी आल्यावर या शब्दाची एक जागा गेली. ५ जानेवारी २०१५ ला केंद्र सरकारने स्वस्त एलईडी बल्बची योजना सुरू केली. तिचं नाव ‘उजाला’. चांगल्या एलईडी बल्बच्या बुडात एक छोटं सर्किट असतं. बाहेरचा दाब घसरला तरी दिव्याला लागणारा प्रवाह ते सांभाळून घेतं. त्यामुळे १८० व्होल्टलाही तो तसाच पांढरा जळतो, आणि फारच खाली गेलं की लुकलुकतो किंवा सरळ बंद पडतो. मधली पिवळट, लालसर अवस्था त्याच्याकडे नाहीच. आता लाईन डिम आहे की नाही हे घरातला पंखा सांगतो. शब्द मात्र उजेडाचाच राहिला आहे.

उजेड कमी असावा म्हणून जे दिवे मुद्दाम लावले जातात त्यांत ‘झिरोचा बल्ब’ सगळ्यात गमतीचा. नाव झिरो, पण तो १२ ते १५ वॅट खायचा. जुन्या चकतीच्या मीटरला एवढा बारीक भार कळत नसे, म्हणून हा फुकटात जळतो अशी समजूत होती. आज नऊ वॅटचा एलईडी अख्खी खोली उजळतो आणि त्याहून जास्त वीज खाऊन झिरो कोपऱ्यात नुसता हिरवा-निळा दिसत असे. त्याआधी चिमणी होती, वातीची, घासलेटची. साध्या उघड्या वातीच्या चिमणीचा उजेड आठ-दहा ल्युमेनच्या घरात, साठच्या बल्बचा सातशेच्या आसपास. चिमणीच्या तेवढ्या उजेडात एका पिढीने शाळेचा अभ्यास केला. त्या पिढीला ‘मंद प्रकाश’ या शब्दात काव्य दिसत नाही, हे समजण्यासारखं आहे.

स्वयंपाकघरात मात्र मंद हा गुणच. रोडगे भाजायचे तर गोवऱ्या पेटवून चालत नाही. त्यांचा जाळ बसू द्यावा लागतो आणि मग निखाऱ्यात, इकडच्या भाषेत इस्त्यात, रोडगे घालावे लागतात. जाळ मोठा असला की वरचा भाग करपतो आणि आत पीठ कच्चं राहतं, कारण कणकेच्या जाड गोळ्यातून उष्णता आत शिरायला वेळ घेते. बाहेरून किती तापवलं याला फारसा अर्थ नसतो, किती वेळ तापवलं याला असतो. तरीही ‘मंद आचेवर’ हे शब्द पाककृतीच्या पुस्तकातच राहतात. ओट्याशी उभी असलेली बाई ‘गॅस बारीक कर’ म्हणते, नाही तर ‘सिम कर’. तिच्या ताटातलं वरण मसाल्याविना असेल तर ते ‘फिक्कं वरण’. फिका हा रंगाचा शब्द इथे जिभेवर आला आहे. साखर कमी असलेला चहा फिका, तिखट नसलेलं वरण फिकं, आजाऱ्याचा चेहरा फिका, आणि दुसऱ्यापुढे जो उठून दिसत नाही तो फिका पडतो. मंद मंदच राहिला, फिक्याने जीभ, कातडी आणि मानमरातब असा पुष्कळ मुलूख मारला.

अकोल्याच्या उन्हाळ्याचाही या शब्दांशी संबंध आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणं इथे नवलाचं नाही. दुपारी अकरानंतर घरांची दारं-खिडक्या लावल्या जातात, पडदे ओढले जातात, कूलरला वाळ्याची ताटी असली तर तिच्यावर पाणी मारलं जातं. याला ‘अंधार करणं’ म्हणतात. ‘अंधार करून झोपलो होतो’ या वाक्यात कसलंही दुःख नाही, दुपार बरी गेल्याचं समाधान आहे. थंड प्रदेशातल्या भाषांत उजेड म्हणजे सुख आणि काळोख म्हणजे उदासी हे समीकरण घट्ट आहे. वऱ्हाडात ते वर्षातले तीन महिने लागू पडत नाही.

खरा मंद उजेड दिवसातून दोनदा येतो आणि दोन्ही वेळा घाईत जातो. पहाटेच्या अंधुकाला ‘झाकट’ म्हणतात. ‘झाकटीत उठून वावरात गेला’ म्हणजे माणूस दिसतो पण ओळखू येत नाही अशा वेळी. मग झुंजूमुंजू. संध्याकाळी दिवेलागण, तिन्हीसांज. मावळल्यावर सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत बाहेर दिव्याविना काम करता येतं. अकोला साधारण २०.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे सूर्य बराच सरळ खाली उतरतो, त्यामुळे हा वेळ सुमारे २२ मिनिटांचा मिळतो. लंडनला सूर्य तिरका उतरतो, तिथे तोच वेळ दिवस-रात्र समान असतानाही अर्ध्या तासाहून जास्त. ‘दिवस बुडाला’ हा आपला वाक्प्रचार भूगोलाच्या दृष्टीनेही बरोबर आहे. इथे दिवस सावकाश उतरत नाही, बुडतो.

या वीस-बावीस मिनिटांत डोळ्यांत बरंच काही घडतं. भर उजेडात पाहणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पेशी रंग ओळखतात, पण त्यांना उजेड भरपूर लागतो. तो घटला की दंडाकार पेशी काम हाती घेतात. त्यांना रंग कळत नाही, पण थोड्या उजेडात आकार कळतो. बदली होताना मधे एक अवस्था येते, तिचं वर्णन चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केलं. लाल रंग आधी काळा पडतो, हिरवा-निळा मागे तगून राहतो. दिवेलागणीला लाल लुगडं काळं दिसतं आणि लिंबाचा पाला अजून हिरवटच असतो, ते यामुळे. दंडपेशींना पूर्ण तयार व्हायला अर्धा तास लागतो. त्यांच्यातल्या रसायनाला अ जीवनसत्त्व लागतं. ते आहारात नसेल तर झाकट आणि दिवेलागण या दोन वेळा माणसाच्या आयुष्यातून पुसल्या जातात आणि आपण त्याला रातांधळेपणा म्हणतो.

याच उजेडात महामार्गावर ट्रकचे दिवे लागतात. सुरतहून कोलकात्याकडे जाणारा जुना सहा नंबरचा, आताचा ५३ नंबरचा, राष्ट्रीय महामार्ग अकोल्यावरून जातो. ड्रायव्हर ‘डिपर मारतो’, म्हणजे दिव्याचा झोत खाली करतो. इथे उजेड कमी करणं हा सभ्यपणा आहे, आणि तो न पाळणाऱ्याला मिळणाऱ्या शिव्या छापण्याजोग्या नसतात. २०२२ च्या जूनमध्ये याच महामार्गावर अमरावती-अकोल्याच्या टप्प्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची विश्वविक्रमात नोंद झाली. नव्या डांबराची एक खोड आहे. ते इतकं काळं असतं की पडलेला उजेड गिळतं, आणि आपल्याच गाडीचे दिवे डिम झालेत असं वाटतं. वर्ष-दोन वर्षांत रस्ता करडा पडला की दिवे ‘सुधारतात’.

संस्कृतात ‘मंद’ची वस्ती उजेडापेक्षा गतीच्या आणि बुद्धीच्या बाजूला दाट आहे. अमरकोशाने त्याचे अर्थ दिले ते मूढ, थोडा, अकुशल आणि दुर्दैवी असे. दिव्याचा त्यात पत्ता नाही. शनीचं एक नाव मंद, कारण सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात. शनैश्चर म्हणजेही हळू चालणारा. मंदोच्च, मंदफल हे जुन्या ज्योतिर्गणिताचे शब्दही गतीचेच. म्हणजे उजेडाचा अर्थ या शब्दाला नंतर चिकटला असावा, आणि तो चिकटला तो बहुधा ज्योतीमुळे. वात थोडी, तेल थोडं, हालचाल थोडी, म्हणून उजेड थोडा.

माणसाला हा शब्द लावला की मात्र तो जखम करतो. ‘मतिमंद’ अनेक वर्षं शाळांच्या पाट्यांवर आणि सरकारी कागदांवर होता. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यातही मानसिक मंदता होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बौद्धिक अक्षमता हा शब्द घेतला. पाट्या बदलायला वेळ लागतो आहे, पण बदलायला हव्यात. ज्या शब्दाची दुसरी बाजू ‘आळशी’ आणि ‘मूर्ख’ अशी आहे, तो पोराच्या दाखल्यावर कशाला?

बाजारात हाच शब्द रोज पैशांशी गाठ घालतो. तेजी आणि मंदी. तेजी हा फारसी ‘तेज’वरून आलेला, अर्थ धारदार, जलद. आपलं संस्कृत ‘तेज’ आणि तो फारसी शब्द फार मागे जाऊन एकाच मुळाला मिळतात, आणि ते मूळ धार लावण्याचं आहे. म्हणून भाव तेज होतात, म्हणजे चढतात, आणि चाकूही तेज असतो. त्याच्या समोर उभा राहायला आला आपला मंद. ‘धंदा मंदा’ या जोडीत यमक इतकं सोयीचं आहे की अकोल्यातल्या दुकानदाराला दुसरं उत्तर सुचतच नाही. दिवाळीच्या आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसली तरी कसं काय विचारलं की ‘मंदा हाये’. ही माहिती नसते, दृष्ट लागू नये म्हणून घेतलेली काळजी असते.

वऱ्हाडाने तेजी-मंदी शिकली ती कापसावर. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी इकडे तोंड वळवलं. चार वर्षं भाव चढत गेले. १८६५ ला युद्ध संपलं आणि मुंबईचा बाजार कोसळला. रेल्वे नागपूरला पोचली ती १८६७ मध्ये, खामगावची शाखा सुरू झाली १८७० मध्ये. म्हणजे तेजीसाठी हवा असलेला रूळ आला तोवर मंदी येऊन बसली होती. तरी त्या रुळांमुळेच अकोला, अमरावती, खामगाव ही जिनांची गावं झाली. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला ‘उमरा’ म्हणत. अमरावतीचं ते विलायती तोंडात वाकडं झालेलं नाव. पुढे सट्ट्याच्या बाजारात ‘तेजी-मंदी’ हे एका व्यवहाराचंच नाव होतं. ठरलेल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा नुसता हक्क पैसे देऊन विकत घ्यायचा. १९५२ च्या वायदा व्यवहार कायद्याने ते बंद केले. न्यूयॉर्कच्या कापसाच्या खुलत्या आणि बंद भावांवर मुंबईत आकडा लागत असे, आणि त्या आकड्याचा वारस म्हणजे मटका. कापसाने महाराष्ट्राला जी देणी दिली त्यांत हे एक, कुणी मिरवत नाही एवढंच.

आता खुद्द कापसाचा उजेड. सुती कापड रेशमासारखं का चमकत नाही, याचं कारण धाग्याच्या घडणीत आहे. बोंडात असताना कापसाचा तंतू गोल नळीसारखा असतो, आत जिवंत रस असतो. बोंड फुटलं, ऊन लागलं, की रस आटतो, नळी चपटी होते आणि पिळा पडतो. रिकाम्या पायजम्याची नाडी पिळून ठेवल्यासारखा तंतू होतो. त्याच्यावर पडलेला उजेड एका दिशेने परतत नाही, चहूकडे विखुरतो. म्हणून कापूस पांढरा दिसतो, पण चकाकत नाही. जॉन मर्सर या इंग्रज माणसाने १८४४ मध्ये पाहिलं की कॉस्टिक सोड्यात कापड बुडवलं तर तंतू फुगतो आणि जवळजवळ गोल होतो. पण कापड आटत असे, म्हणून शोध पडून राहिला. १८९० मध्ये होरेस लो याने कापड ताणून धरत तीच क्रिया केली, तेव्हा आटणं थांबलं आणि चमक आली. मर्सराइज्ड धोतर, मर्सराइज्ड सूत हे शब्द आपल्या कापडाच्या दुकानांत तिथून आले. कापसाचं निस्तेज असणं हा असा त्याचा स्वभाव आहे.

शेतकऱ्याचा पैसा मात्र बुडतो तो दुसऱ्या प्रकारच्या निस्तेजपणाने, कमी पडलेल्या उजेडाने. दिवाळीच्या आसपास पहिला वेचा सुरू होतो. त्याआधी बांधावर सीतादही होते, दगडांना कुंकू लावून दहीभाताचा नैवेद्य दाखवला जातो. बोंड फुटल्यावर त्याच्यावर परतीचा पाऊस पडला, की ओल्या रुईवर बुरशी वाढते आणि पांढऱ्याला राखी छटा येते. मावा-पांढरी माशी पडली की पानांवरून गोड चिकट स्राव गळतो. शेतकरी त्याला ‘चिकटा’ म्हणतो, आणि त्या चिकट्यावर काळी काजळी धरते. गुलाबी बोंडअळीने पोखरलेलं बोंड नीट उमलत नाही. आतली पाकळी आवळून पिवळी, डागी होऊन बसते. ती ‘कवडी’. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने धुमाकूळ घातला तेव्हा घरोघर कवडीचे ढीग होते. दुपारच्या उन्हात वेचणी केली तर वाळका पाला चुरगळून कापसात मिसळतो, ती ‘पत्ती’. उशिरापर्यंत ठेवलेली फरदड असली तर रंग आणखी उतरतो. आणि घरात ओला कापूस दाबून भरला तर आत उष्णता धरते आणि पांढरा कापूस घरच्या घरीच पिवळा पडतो. म्हणून कृषी विद्यापीठाचे लोक सांगतात, सकाळी थंड वेळी वेचा, कवडी वेगळी ठेवा, वाळवून साठवा. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून कापसावर काम करत आलं आहे. त्याच्या एका वाणाचं नाव ‘रजत’ ठेवलं आहे, चांदी. नावातच इच्छा दिसते.

जिनमधून सरकी वेगळी होऊन रुई निघाली, की तिच्या नमुन्याचं मोजमाप यंत्रावर होतं. त्यातला एक आकडा ‘आरडी’. रुईवर उजेड टाकून किती टक्के परत येतो ते तो सांगतो. दुसरा ‘प्लस बी’, पिवळेपणाचा. या दोन आकड्यांना जोडून कापसाची प्रत ठरवण्याची आकृती अमेरिकेत डॉरथी निकरसन आणि रिचर्ड हंटर यांच्या कामातून तयार झाली. आज अकोल्यातला दलाल फोनवर कोइमतूरच्या सूतगिरणीशी बोलताना लांबी, मायक्रोनेअर आणि आरडी एका दमात सांगतो. पंचाहत्तरच्या वरचा आरडी असला तर आवाज चढा असतो, सत्तरच्या खाली गेला तर ‘थोडा डल हाये’. इथेही तक्रारीला शब्द परकाच. गिरणीला हा आकडा लागतो कारण राखी किंवा पिवळट रुई फिक्या रंगात रंगवली की रंग मळका येतो, आणि वेगवेगळ्या आरडीच्या गाठी एकाच कापडात गेल्या तर थानावर पट्टे उमटतात.

पण शेतकरी रुई विकत नाही, सरकीसकट कापूस विकतो, आणि त्या वेळी यंत्र नसतं. ओलावा मोजायला हातातलं मीटर असतं. आठ टक्के, दहा टक्के, बारा टक्के असा आकडा गाडीवरच निघतो आणि त्यावर वादही घालता येतो. रंग मात्र ग्रेडर डोळ्याने ठरवतो. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हापासून ‘ग्रेडर’ हा वऱ्हाडातला एक वजनदार शब्द आहे. गाडीत हात घालून मूठभर कापूस बाहेर काढायचा, फाकवायचा, नजर टाकायची, आणि पाच-दहा सेकंदांत वर्षाची किंमत सांगायची. कापसाची प्रतवारी करणाऱ्या जाणत्या ठिकाणी खोलीला उत्तरेकडून उजेड घेण्याची रीत होती, कारण तो दिवसभर फारसा बदलत नाही. पुढे तिथे ठरावीक दिवे आले. आपल्याकडे तीच परीक्षा कधी रणरणत्या उन्हात होते, कधी पत्र्याच्या शेडखाली, तर कधी रांग लांबली म्हणून दिवेलागणीला पिवळ्या बल्बाखाली. पिवळ्या उजेडात पांढरा कापूसही पिवळाच दिसणार. अशा वेळी मूठभर कापूस घेऊन शेडबाहेर उघड्यावर जाणारा, किंवा ‘आता राहू दे, सकाळी पाहतो’ म्हणणारा ग्रेडर आपलं काम जाणतो. शेतकऱ्यानेही तेवढं मागायला हरकत नाही, कारण एकदा काटा झाला आणि चुकाऱ्याची चिठ्ठी हातात पडली, की त्याच्या कापसाचा खरा आरडी किती होता हे त्याला कुणी सांगायला येत नाही.